अकरा मिनिटांचा तास

८ मार्च २०१८, गुरुवार. स्कारबरो. उणे चार. दुपारी भुरभुर बर्फ. ड्राइव्हवे शोव्हल केला. शेजारच्या जयंतीकडे किल्ली दिली, कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालायला सांगितलं. बॅग भरली: दोन स्वेटर, औषधं, थर्मास, चिवडा. २००९ ची डायरी तळाशी, टॉवेलखाली. उद्या विमान.

चीनला जाताना नऊ वर्षांपूर्वीची डायरी कोण नेतं? सुनेत्रा हळबे नेत होती, कारण त्या डायरीतलं एक पान तिला माधवी किरपेकरच्या नाकासमोर धरायचं होतं. माधवी जूनमध्ये रिटायर होणार होती. एकदा ती गेली की सुनेत्राच्या फायलीतलं पत्र कायमचं राहणार. ज्या बाईने सही केली तीच ते मागे घेऊ शकते, असं युनियनने केव्हाच सांगून टाकलं होतं.

पत्र छोटंसं होतं. ‘चाळीस मिनिटांच्या संपूर्ण तासाचं निरीक्षण केलं असता, मिसेस हळबे पाठांतरासाठी मुलांवर भीतीचा दबाव आणतात असं दिसून आलं.’ खाली सही माधवीची, तेव्हाच्या व्हाइस प्रिन्सिपलची. बत्तीस वर्षांच्या नोकरीत सुनेत्राला आलेलं हे असलं एकच पत्र. पुढच्या जूनमध्ये ती रिटायर झाली. बदली शिक्षकांच्या यादीत नाव घालायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली, मिटली आणि म्हणाली, “आम्ही कळवू.” त्यांनी कधीच कळवलं नाही.

तिचे यजमान बळवंतराव तेव्हा हयात होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि एकच विचारलं, “कोणी रडलं होतं का गं?”

“नाही,” ती म्हणाली होती. “आणि चाळीस मिनिटं कसली? अकरा मिनिटं बसली ती मागे. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

लिहिलेलं होतंच. खडकीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी आठवीच्या मुलींना डायरी लिहायला लावली, तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. सिस्टरांचे नियम दोन. वेळ डाव्या समासात, लाल शाईने. आणि काय झालं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. सिस्टरांना ती इंग्रजीत लिहून दाखवायची. १९७१ साली बळवंतरावांबरोबर कॅनडात आल्यावर तिने डायरी मराठीत सुरू केली, म्हणजे दिवसभर इंग्रजी बोलून झाल्यावर निदान त्या एका वहीत तरी ते नको. बळवंतरावांनी ती कधी उघडली नाही. दुसऱ्याची डायरी वाचू नये असं त्यांचं म्हणणं होतं. २०१३ साली ते गेले, तेही तिने वेळेसकट लिहून ठेवलं.

शाळामंडळाने मार्च ब्रेकच्या सुट्टीत शिक्षकांचं एक पथक शेनझेनला न्यायचं ठरवलं होतं. तिथल्या एका शाळेशी देवाणघेवाण, त्यांचं गणित कसं चालतं ते पाहणं. पथकप्रमुख माधवी, कारण आता ती मंडळाची गणित सल्लागार होती. पत्रकात तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, निवृत्त शिक्षकांनीही अप्लाय करावं, येतील त्या क्रमाने नावं घेऊ. सुनेत्राचा अर्ज पहिल्याच दिवशी, सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी पोचला. नाही म्हणायला माधवीला जागाच उरली नाही.

विमानतळावर मंडळाच्या क्लार्कने खोल्यांची यादी वाचली. इंग्रजी अक्षरक्रमाने जोड्या लावलेल्या. हळबे आणि किरपेकर यांच्यामध्ये पथकात कुणीच नव्हतं.

“वंडरफुल,” माधवी म्हणाली. मग मराठीत, ओठ फारसे न हलवता, “मुद्दाम आलात ना तुम्ही?”

“चीन बघायला आले.”

“तुम्ही आणि चीन! नायगारा बघायला तुम्हाला अकरा वर्षं लागली.”

मराठी मंडळाच्या गणपतीत दोघी एकाच आरतीला उभ्या राहायच्या. सुनेत्रा चौदा वर्षांनी मोठी. पूर्वी माधवी तिला सुनेत्राताई म्हणायची. पत्रानंतर मिसेस हळबे म्हणू लागली, आणि प्रसादाचं ताट पुढे करतानासुद्धा तेच म्हणायची.

शेनझेनमध्ये त्यांची खोली तेविसाव्या मजल्यावर होती. खाली रस्त्याने विजेवरच्या बसेस आवाज न करता सरकत होत्या, आणि फुटपाथवर मक्याची कणसं विकणारी म्हातारीसुद्धा पैसे घ्यायला गिऱ्हाइकापुढे फोनवरचा क्यूआर कोडचा चौकोन धरत होती. न्हाणीघराची भिंत काचेची होती, तिच्यावरचा पडदा खोलीच्या बाजूने ओढायचा. पहिल्या सकाळी तो ओढायचा कुणी, यावरून दोघींचं एक अख्खं वाक्य झालं. त्यानंतर दिवसभर एकही झालं नाही.

सोमवारी शाळा. सहा मजली, छतावर धावपट्टी, वर्गावर्गात भिंतभर डिजिटल पडदा. पण गाओबाईंच्या दुसरीच्या वर्गात पडदा बंद होता आणि बाई खडूने लिहीत होत्या. साठीला टेकलेल्या, आखूड केसांच्या, पायात कापडी बूट. त्यांनी बोट वर केलं आणि पंचेचाळीस मुलं एका श्वासात पाढे म्हणू लागली. सुनेत्राच्या अंगावर काटा आला. तिने मान वळवून माधवीकडे पाहिलं. माधवी फोनवर व्हिडिओ काढत होती.

“इन्क्रेडिबल,” माधवी शेजारच्या डगला म्हणाली. डग व्यायामाचा शिक्षक, गणिताशी त्याचा संबंध नव्हता. “ही फ्लुएन्सी बघ. आपण हे कुठेतरी हरवून बसलो.”

“हरवलं नाही,” सुनेत्रा मागून म्हणाली. “काढून घेतलं.”

माधवीने व्हिडिओ थांबवला नाही. त्यात सुनेत्राचा आवाज आला असणार.

मग काही नोंदी झाल्या. सुनेत्रा मांडीवर वही घेऊनच बसली होती. लाल समासात १०.०५: मुलगा अडला. बाईंनी बसवलं, शेजारच्याला विचारलं. १०.३५: त्याच मुलाला परत विचारलं. आलं.

खरा धक्का तासानंतर बसला. शाळेतल्या बारा शिक्षिका गाओबाईंभोवती बसल्या आणि एकेकीने त्यांच्या तासातले दोष सांगितले. दुभाषी मिस लिन इंग्रजीत सांगत गेली. बाईंचा खडू दोनदा मोडला. उजवीकडच्या रांगेला फक्त चार प्रश्न. एक उदाहरण पुस्तकातलंच, त्यात नवीन काही नाही. एक पोरगेली शिक्षिका म्हणाली, बाईंचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. गाओबाई सगळं वहीत उतरवून घेत होत्या. शेवटी त्या उठल्या, थोडं वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

“त्या आभार मानतायत,” मिस लिन म्हणाली. “ही इथली पद्धत आहे. तास सगळ्यांसमोर घ्यायचा, आणि मग सगळ्यांनी खरं बोलायचं. बुधवारी तुमच्यापैकी कुणी घ्याल?”

अकरा जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. पथकप्रमुखाला तसं करता येईना. “आय विल,” माधवी म्हणाली.

ती टोरांटोहून रंगीत ठोकळ्यांचे सहा डबे घेऊन आली होती. मंगळवारी संध्याकाळी तिने ते पलंगावर ओतून मोजले. सुनेत्रा खुर्चीत चिवडा खात बसली होती.

“पाढे येणाऱ्या मुलांना ठोकळे?” ती म्हणाली.

“समजून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला बत्तीस वर्षांत कळलं नाही. एका संध्याकाळी मी काय शिकवणार?”

“सात आठे किती हे त्यांना समजलेलंच आहे.”

“चिवडा सांडतोय तुमचा. हाउसकीपिंगला त्रास.”

बुधवारी दुपारी दोनला तिसरीचा वर्ग. मागे पंचवीस-तीस माणसं स्टुलांवर. माधवीने बरगंडी ब्लेझर घातला होता. तिने फळ्यावर बेकरी काढली, सात ट्रे काढले, आणि म्हणाली, प्रत्येक ट्रेमध्ये आठ मफिन, तर एकूण किती, हे शोधायच्या जितक्या सुचतील तितक्या पद्धती शोधू या. मिस लिनचं भाषांतर संपायच्या आत वर्ग एका सुरात ओरडला. छप्पन्न.

“हो, पण कसं कळलं?”

वर्गाने तिला तो पाढा म्हणून दाखवला.

माधवी हसली. मग तिने ठोकळे वाटले. मुलं खूश झाली, त्यांनी मनोरे बांधले, एकाने पूल बांधला. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, उत्तर बरोबर आलंय ना, मग दुसरी पद्धत कशासाठी? माधवी म्हणाली, “ग्रेट क्वेश्चन,” आणि पुढच्या बाकाकडे गेली. तिच्या मानेवर घाम आला होता. आणि मग घाईत, फळ्याकडे पाठ करून, ती म्हणाली, “सो, सेव्हन एट्स, फिफ्टी-फोर…”

“छप्पन्न!” वर्ग म्हणाला. मिस लिनला भाषांतराची गरज पडली नाही.

सुनेत्रा लिहीत होती. लाल, निळी, लाल, निळी.

मग चहा आला आणि दोष सांगायची वेळ आली. चिनी शिक्षिका पाहुण्यांसाठी थांबल्या. पाहुण्यांनी सुरुवात केली. डग म्हणाला, “लव्ह्ड द एनर्जी.” दुसरी एक म्हणाली, मुलं किती एंगेज्ड होती. तिसरी म्हणाली, ब्लेझर सुंदर आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाओबाई वही उघडून, पेन धरून बसल्या होत्या. त्यांनी अजून काहीच लिहिलं नव्हतं.

सुनेत्रा उभी राहिली.

“दोन वाजून चार मिनिटं,” तिने इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. “प्रश्न दिला. दोन वाजून चार मिनिटं, उत्तर आलं. दोन नऊ ते दोन एकवीस, ठोकळे. या बारा मिनिटांत वर्गात गणित झालं नाही. दोन सव्वीस, मुलीने प्रश्न विचारला. उत्तर मिळालं नाही. दोन तेहतीस, शिक्षिकेने सात आठे चौपन्न सांगितले. मुलांनी दुरुस्त केले. दोन अडतीस, तास दोन मिनिटं आधी संपला.”

तिने वही मिटली. डगच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला. गाओबाई मात्र भराभर लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी काही विचारलं.

“त्या विचारतायत,” मिस लिन म्हणाली, “या बाई हल्ली कुठल्या वर्गाला शिकवतात?”

“शी इज रिटायर्ड,” माधवी म्हणाली.

“मला शिकवू देत नाहीत,” सुनेत्रा म्हणाली. “का, ते पथकप्रमुखांना विचारा.”

मिस लिनने दोघींकडे पाहिलं आणि याचं भाषांतर केलंच नाही.

बसमध्ये सुनेत्राच्या शेजारची जागा रिकामी राहिली. “जीझ, स्यू,” एवढंच डग जाता जाता म्हणाला. पथकात सगळे तिला स्यू म्हणायचे. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिला फार बरं वाटत होतं. लोक रागावले होते, ते तिला चालत होतं. नऊ वर्षं ती एकटी रागावली होती.

खोलीत आल्यावर माधवीने ब्लेझर काढून पलंगावर फेकला. सहा वाजले होते, बाहेर अजून उजेड होता.

“झालं समाधान?”

“नाही अजून.” सुनेत्राने बॅगेच्या तळातून डायरी काढली. ती इतक्या वेळा उघडली गेली होती की आपोआप त्याच पानावर उघडली. १७ नोव्हेंबर २००९, मंगळवार. “वाच. अकरा मिनिटं बसलीस तू. आणि पत्रात लिहिलंस चाळीस. तू आयुष्यात एकदा तरी खरं लिहून दे. एक ओळ. निरीक्षण अपुरं होतं, पत्र मागे घेत आहे. जूनच्या आत.”

माधवीने चष्मा लावला. सुनेत्राला वाटलं होतं ती मनात वाचेल. माधवी मोठ्याने वाचू लागली, वर्गात पोरांना वाचून दाखवावं तशी.

“दहा बारा, माधवी आली. मागे बसली. नऊचा पाढा चालू. दहा चौदा, तर्शिनी नऊ सातेला अडली. उभी केली. येईपर्यंत बसायचं नाही सांगितलं. दहा सोळा, रडू लागली. वर्गाचा पाढा पुढे चालू. दहा तेवीस, माधवी उठून गेली.” ती थांबली. “पुढेही आहे.”

“पुढचं नको. दहा तेवीस. तेवढंच.”

“दहा एकतीस, तर्शिनी अजून उभी. फरशी ओली. केअरटेकरला पुसायला बोलावलं. दहा पस्तीस, पाढा पूर्ण.”

खाली बस गेली असेल, ऐकू काहीच आलं नाही. सुनेत्रा हे पान नऊ वर्षं बघत आली होती, पण तिची नजर डाव्या समासातून उतरायची, लाल आकड्यांवरून. बारा, तेवीस. बारा, तेवीस. उजवीकडे निळ्या शाईत काय लिहिलंय हे तिला माहीत होतं, कारण तिनेच लिहिलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

“हे मला माहीत नव्हतं,” माधवी म्हणाली. “फरशीचं.”

“तुला कसं माहीत असणार? तू उठून गेलीस.” सुनेत्राचा आवाज चढला. “पोरगी उभी होती, रडत होती, आणि तू व्हाइस प्रिन्सिपल. का नाही म्हणालीस, बाई, हिला बसवा? पळालीस. आणि ऑफिसात जाऊन चाळीस मिनिटं लिहिलीस.”

“कारण अकरा लिहिली असती तर तुमच्या युनियनने पत्र फाडलं असतं. मला तुम्ही परत वर्गावर नको होतात.” माधवीने डायरी मिटली नाही. “आणि हो, पळाले. तुम्हाला सगळे घाबरायचे. मीसुद्धा. माझी मुलगी तिसरीत जायची होती तेव्हा मी देवाला म्हणायचे, हिला हळबेबाईंचा वर्ग मिळू देऊ नकोस.”

“तुझी मुलगी आपल्या गणपतीत माझ्या मांडीवर बसायची.”

“बसायची. वर्गात नाही बसवली. दुसऱ्या शाळेत घातली.”

मग माधवीने बॅगेतून मंडळाचं पॅड काढलं.

“ठीक आहे. देते लिहून. चाळीस मिनिटं हे चूक, अकरा होती. शिक्षा होईल ती होऊ दे, तीन महिने उरलेत माझे. पण पुरावा जोडावा लागेल. हे पान द्या.”

“वेळा तेवढ्या उतरवून घे.”

“पान. अख्खं. तुम्हीच सांगत फिरता ना, माझ्या डायरीत खाडाखोड नसते म्हणून?” तिने हात पुढे केला. “टोरांटोला पोचेपर्यंत विचार करा. तिथे उतरल्यावर मला उत्तर द्या.”

सुनेत्राने तिच्या हातातून डायरी ओढून घेतली आणि टॉवेलखाली ठेवली. त्या दिवशी न्हाणीघराचा पडदा ओढायचा दोघीही विसरल्या, आणि दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

परतीचं विमान पंधरा तासांचं. अक्षरक्रमाने जागाही शेजारशेजारच. माधवी अहवाल टाइप करत होती. सुनेत्राने वाचायला म्हणून चालू वर्षाची डायरी काढली आणि सोमवारचं पान उघडलं. १०.०५, मुलगा अडला, बाईंनी बसवलं. १०.३५, परत विचारलं, आलं. तिने ते दोनदा वाचलं, उजवीकडचंही. मग डायरी मिटून खिडकीची झडप खाली ओढली.

तर्शिनी आता सतरा-अठराची असेल. तमिळ मुलगी होती, दोन वेण्या, श्रीलंकेतल्या युद्धातून पळून आलेल्या घरातली. आई रात्रपाळीला जायची. दुसऱ्या दिवशी ती नवीन पँट घालून आली होती आणि नऊचा पाढा न चुकता म्हणाली होती. १८ नोव्हेंबरच्या पानावर तेही होतं: तर्शिनीला पाढा आला. सुनेत्राने त्यावेळी ते आपल्या बाजूचं धरलं होतं.

कोणी रडलं होतं का गं? असं बळवंतरावांनी विचारलं, तेव्हा पान शेल्फवर होतं, दोन हातांवर. डायरीत कधी खोटं लिहिलं नाही याचा तिला अभिमान होता. डायरीत लिहिलंय तेच बोलतानाही सांगायचं असतं, असं सिस्टरांनी कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी टोरांटोला सामानाच्या पट्ट्याजवळ सगळे आपापल्या बॅगांची वाट बघत होते. ठोकळ्यांचे डबे आधी आले. माधवीने ते ट्रॉलीवर रचले आणि सुनेत्राजवळ येऊन उभी राहिली.

“काय ठरवलंत?”

“पत्र राहू दे.”

“राहू दे म्हणजे? मागे नको?”

“तसंच राहू दे म्हटलं ना.”

माधवीने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला काहीतरी अजून हवं असावं. चूक झाली, असं एखादं वाक्य. सुनेत्राने ते दिलं नाही. असलं वाक्य द्यायचंच तर ज्या मुलीला द्यायचं ती स्कारबरोत कुठेतरी असेल, आणि ही ती नव्हती.

“बरं,” माधवी म्हणाली. “आणि मिसेस हळबे, तुमचे ते वेळा लावलेले मुद्दे मी अहवालात घालणार नाहीये.”

“घालू नकोस. गाओबाईंकडे आहेत.”

“या दिवाळीला फराळाला येऊ नका आमच्याकडे.”

“तुझ्या चकल्या नाहीतरी मऊ पडतात.”

माधवी ट्रॉली ढकलत निघून गेली. एक डबा घसरून पडला, झाकण उघडलं, आणि पिवळे ठोकळे फरशीभर पसरले. डग वेचायला वाकला. सुनेत्रा वाकली नाही. तिची बॅग आली होती.

घरी जयंतीने किल्ली परत केली. कुंड्या हिरव्या होत्या. सुनेत्राने बूट न काढताच वरच्या खोलीत जाऊन २००९ ची डायरी शेल्फवर, २००८ आणि २०१० च्या मध्ये ठेवली. मग फोनजवळ बसून टेलिफोनच्या जुन्या वहीत त्या वर्षीच्या वर्गाची यादी शोधली. तर्शिनीच्या आईचा नंबर होता. तिने तो फिरवला. तो नंबर आता कुणा दुसऱ्याचाच होता, माणूस घाईत होता. तिने माफ करा म्हणून फोन ठेवला.

खाली येऊन तिने दिवा लावला आणि डायरी उघडली.

१८ मार्च २०१८, रविवार. स्कारबरो. उणे दोन, ऊन.
२.४०: विमान उतरलं.
४.५५: घरी. जयंतीला चिनी चहाचा डबा दिला.
५.३०: तर्शिनीच्या घरी फोन. नंबर बदलला आहे.
६.१०: बुटांचा बर्फ वितळून जिन्याजवळची फरशी ओली. पुसली.